‘डॉक्टर हू’ कुठून बघायला लागायचं?

बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ सुरू झाली ती 23 नोव्हेंबर 1963 ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. हा आकडा ऐकला की नवा माणूस हबकतो. साठ वर्षांचं कधी बघून होणार? मालिकेबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज हाच, की पहिल्या भागापासून क्रमाने बघितल्याशिवाय काही कळणार नाही.

क्रमाने बघायचं म्हटलं तरी ते शक्य नाही. साठच्या दशकातले अनेक भाग आज अस्तित्वातच नाहीत. तेव्हा व्हिडिओटेप महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. घरोघरी व्हिडिओ यायला अजून अवकाश होता, त्यामुळे जुने भाग जपून ठेवण्यात बीबीसीला काही फायदा दिसला नाही. ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा अशी अख्खीच्या अख्खी गेली. काही भागांच्या फिल्म-प्रती परदेशी वाहिन्यांना विकलेल्या होत्या, त्यातून अधूनमधून एखादा परत मिळतो. 2013 मध्ये नायजेरियातून नऊ हरवलेले भाग हाती आले. आवाज मात्र प्रत्येक हरवलेल्या भागाचा शिल्लक आहे, कारण प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो धरून ठेवला होता. म्हणजे कट्टर चाहत्यांनीही सगळी मालिका डोळ्यांनी पाहिलेली नाही. मग नवख्याने कशाला अपराधी वाटून घ्यायचं?

मुळात मालिकेची रचनाच मधून शिरणाऱ्याच्या सोयीची आहे. काळात आणि अवकाशात फिरणाऱ्या डॉक्टरबरोबर बहुधा एक साधा माणूस असतो. त्याला काहीच माहीत नसतं, म्हणून तो आपल्या मनातले प्रश्न विचारतो. 1963 मध्ये हे काम दोन शिक्षकांकडे होतं, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची. पुढे माणसं बदलत गेली, प्रश्न विचारण्याची सोय राहिली.

डॉक्टरचा नट बदलतो, ही युक्ती पहिल्यापासून ठरलेली होती असंही अनेकांना वाटतं. तसं काही नव्हतं. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली आणि लोकप्रिय मालिका बंद करायची कुणाची तयारी नव्हती. डॉक्टर परग्रहवासी असल्यामुळे वाट सापडली: 1966 मध्ये तो कोसळला आणि पॅट्रिक ट्राउटन होऊन उठला. अडचणीतून निघालेल्या या तोडग्यावर मालिका आजवर तगली आहे.

मालिकेतल्या गाजलेल्या खलनायकांबद्दल ‘डालेक म्हणजे रोबो’ हाही जुना समज. मिरपूडदाणीसारखं ते धातूचं धूड म्हणजे फक्त चिलखत आहे. आत द्वेषावर पोसलेला, विरूप झालेला जिवंत प्राणी असतो. मालिकेचे एक जनक सिडनी न्यूमन यांना असले राक्षस नकोच होते. निर्माती व्हेरिटी लँबर्ट अडून राहिली आणि डालेकांनीच मालिका घराघरांत नेली.

‘डॉक्टर हू हे त्याचं नाव नाही’ असं चाहते नवख्याला ताडकन सुनावतात. खरं आहे, पण श्रेयनामावलीत 1981 पर्यंत जवळजवळ सतत तेच नाव झळकत होतं. सुनावणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. सुसंगतीचंही तेच. डालेकांच्या पूर्वजांना डालेकांच्याच पहिल्या कथेत एक नाव आहे आणि 1975 च्या कथेत दुसरंच. तपशील जुळवत बसलात तर डोकं धराल.

ही मालिका निव्वळ गोऱ्या साहेबांची, असंही म्हटलं जातं. पडद्यापुरतं ते बराच काळ खरं होतं. पण पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे. आणि 2018 मधला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ ऑगस्ट 1947 मध्ये घडतो. त्यात परग्रहवासी आहेत, पण खून करणारा घरचाच निघतो. फाळणीवर परकीय भाषेत इतक्या संयमाने लिहिलेलं फार कमी पाहिलं आहे. डॉक्टर तिथे हजर असूनही इतिहास बदलू शकत नाही. भारतीय प्रेक्षकाला हा भाग जास्तच झोंबतो.

तरी सुरुवात तिथून करू नका. ‘ब्लिंक’नेही नको, जरी बहुतेक जण तोच सुचवतात. भाग अप्रतिम आहे, पण डॉक्टर त्यात जेमतेम दिसतो. 1989 मध्ये बंद पडलेली मालिका 2005 मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी पुन्हा उभी केली, त्यातला ‘रोझ’ हा पहिला भाग लावा. कचऱ्याचा डबा माणूस गिळून ढेकर देतो, तिथे हसून घ्या, कारण तो विनोदच आहे. मग त्याच पर्वातल्या सहाव्या भागापर्यंत धीर धरा. त्यात एकुलता एक डालेक साखळदंडात जखडलेला आहे आणि त्याला पाहून डॉक्टर जे बोलतो ते ऐकताना भीती डालेकची वाटत नाही, डॉक्टरची वाटते.