आधी दुखणं ओळखा, मग औषध

दसरा सरला की खर्डा-जामखेडच्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. दिवसभर वाकून कोयता चालवायचा आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गावी राहिलेल्यांना ज्वारीची काढणी असते, तीही वाकूनच. चाळिशीतच गुडघे धरतात. मग मेडिकलमधून गोळी, आजीने सांगितलेला लेप आणि कुणीतरी ‘रामबाण’ म्हणून दिलेली पुडी असा क्रम सुरू होतो. दुखणं नेमकं कुठलं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हाडं, सांधे, स्नायूंची दुखणी होती. त्यात गाउटचे, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजाराचे, रुग्ण थोडेच निघाले. म्हणून गुडघा दुखला की लगेच ‘युरिक ॲसिड वाढलंय’ असं ठरवू नये.

कोणतं दुखणं कसं वागतं?

झिजेचा गुडघा चालल्यावर, जिना चढताना दुखतो आणि बसलं की थोडा निवतो. आमवातात सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात. चिकुनगुनियाचा ताप उतरला तरी सांधे महिनोन् महिने ठणकू शकतात.

गाउटची तऱ्हा निराळी. माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि पहाटे पायाच्या अंगठ्याच्या कळेने जागा होतो. सांधा लालबुंद, गरम, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. रक्तातलं युरिक ॲसिड फार वाढलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात गाउटशी मिळत्याजुळत्या ‘वातरक्ता’वर स्वतंत्र अध्याय आहे. हा विकार हातापायांतून सुरू होतो, ही नोंद तिथे आढळते.

गाउटचे उपचार

झटका आला की सूज उतरवणारी गोळी, कोल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड, यांपैकी काय द्यायचं ते डॉक्टर मूत्रपिंड, पोट आणि साखर पाहून ठरवतात. कोल्चिसिन हे द्रव्य आपल्या रानातल्या कळलावीतही असतं. तिचा कंद जीवघेणा विषारी आहे, तो उकरून खाण्याचा प्रयोग कुणीही करू नये.

झटके वारंवार येत असतील तर युरिक ॲसिड सहाच्या खाली ठेवावं लागतं. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत झटका येऊ शकतो आणि ‘गोळी बाधली’ म्हणून लोक नेमकी तेव्हाच ती सोडतात. तसं करू नये. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं. झटक्याच्या दिवसांत युरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मलही येतो. उलट, कधीच झटका न आलेल्याला नुसत्या वाढलेल्या आकड्यासाठी बहुधा औषध लागत नाही.

पथ्य दारूचं, काळीज-भेजा आणि मटणाचं, साखरेच्या थंड पेयांचं. डाळींमुळे गाउट वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. भाकरीसोबतची आमटी तोडून गरिबाचं एकुलतं प्रथिन हिरावून घेऊ नका.

देशी औषधांचं काय?

डॉ. चोप्रांच्याच गटाने गुडघ्याच्या झिजेसाठी सुंठ, गुळवेल, आवळा, सालई यांच्या अर्कांची तुलना ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिबशी केली. ४४० रुग्ण, २४ आठवडे. वेदना आणि हालचालीत देशी औषधं बरोबरीची ठरली. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीतला आकडा वाढल्याचीही नोंद होती. म्हणजे वनौषधीलाही गुण आहे आणि दोषही. ती वैद्याच्या देखरेखीखाली, मात्रेनेच घ्यावी.

निर्गुडीच्या पाल्याचा शेक, कोमट तेलाचं मर्दन यांनी आखडलेला सांधा सैल होतो, आराम पडतो. गाउटच्या पेटलेल्या सांध्याला मात्र शेक नको, गार पट्टी बरी. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात. तापल्या सळईचे डाग जखम मागे ठेवतात. मधुमेही माणसाला ती जखम पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकते.

सगळ्यांत घातक म्हणजे नाव नसलेली पुडी. दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडला तर तिच्यात स्टेरॉइड असल्याची शंका घ्यावी. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. ती एकाएकी बंद करणंही धोक्याचं, म्हणून पुडी घेऊन डॉक्टरांकडेच जावं. वेदनाशामक गोळ्याही महिनोन् महिने मनाने खाल्ल्या तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

झिजेच्या गुडघ्याला सर्वांत स्वस्त औषध म्हणजे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीत बसावं, एक पाय समोर सरळ करावा, पाच-दहा सेकंद धरावा, हळू खाली घ्यावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. आमवाताला मात्र व्यायाम पुरत नाही. त्याचं औषध पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हावं, नाहीतर बोटं वाकडी होतात. त्यातली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने दाखवून दिलं की अक्षरओळख नसलेली गावातली बाईसुद्धा शिकली तर गावाचं आरोग्य सांभाळते. बाळंतपण आणि लसीकरणाइतकंच लक्ष आता सांध्यांकडे हवं. गावातल्या आशाताईला सकाळचा आखडलेपणा, अंगठ्याची रात्रीची कळ आणि चालताना दुखणारा गुडघा यांतला फरक शिकवला, तर खर्ड्यातल्या माणसाला योग्य उपचार वेळेत मिळतील. टोळी निघण्याआधीच्या आरोग्य तपासणीत एवढे तीन प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. ते विचारले जावेत, हा आग्रह आपण गावकऱ्यांनीच धरायला हवा.