लपविलेले पिस्तूल आणि कायदा



‘शस्त्र माझे नव्हते, मित्राने दोन दिवस ठेवायला दिले होते,’ असा बचाव गावठी कट्ट्यासह पकडले गेलेले तरुण अनेकदा करतात. आईवडिलांनाही तो पुरेसा वाटतो. कायद्याला तो पुरत नाही.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा काडतूस मिळविणे, बाळगणे अथवा सोबत नेणे हाच गुन्हा होय. गोळी झाडली की नाही, हा प्रश्नच उद्‌भवत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा एक ते तीन वर्षांवरून दोन ते पाच वर्षे कारावास व दंड अशी वाढविली. शस्त्र प्रतिबंधित प्रकारचे असेल तर ती सात ते चौदा वर्षांची आहे.

लपविण्याविषयी कायद्याची भूमिका लक्षणीय आहे. परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल पूर्णपणे झाकूनच न्यावे, असे २०१६ चे शस्त्र नियम सांगतात. याउलट, परवाना नसलेल्याने अधिकाऱ्यांना कळू नये या हेतूने ते लपविले, तर कलम २६ अन्वये सहा महिने ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. झडतीच्या वेळी शस्त्र दडविल्यास ती दहा वर्षांपर्यंत जाते.

आता मित्राच्या पिशवीकडे वळू. १९७२ साली गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘ताबा’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला. वस्तूची जाणीव हवी. आणि ती प्रत्यक्ष हाती नसली तरी तिच्यावर नियंत्रण असले की ताबा सिद्ध होतो. पिशवीत काय आहे हे ज्याला खरोखर ठाऊक नव्हते, तो दोषी ठरत नाही. ज्याला ठाऊक होते, त्याने ‘माझे नव्हते’ म्हणून उपयोग नाही.

अभिनेता संजय दत्त यांचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात ते दहशतवादाच्या आरोपातून मुक्त झाले, परंतु एके-५६ रायफल आणि ९ मिलिमीटर पिस्तूल बेकायदा बाळगल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये त्यांची दोषसिद्धी कायम ठेवली आणि सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली. खासदार पित्याचे नावही आड आले नाही. रायफल नष्ट करण्याच्या कामी हातभार लावणारे मित्रही शिक्षेस पात्र ठरले. याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

आपल्या भागात असे कट्टे येतात कोठून? चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडील, मध्य प्रदेशातील उमर्टी गावाचे नाव पोलीस तपासात वारंवार येते. परवाना असला म्हणजे सारे निर्वेध, असेही नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांच्या डिसेंबर २०२४ मधील हत्येनंतर परवान्यांची पडताळणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. छत्रपती संभाजीनगर शहरात परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो.

एक बाब सज्जन कुटुंबांच्याही ध्यानात राहत नाही. वडिलांच्या निधनानंतर त्यांची परवान्याची बंदूक घरात तशीच ठेवता येत नाही. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी. वारसाला हवी असल्यास त्याने स्वतःच्या नावे परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा. आणि मुलाच्या कपाटात कट्टा आढळला, तर तो विहिरीत टाकण्याची घाई करू नये, कारण पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे. शस्त्राला हात न लावता त्याच दिवशी वकिलाचा सल्ला घ्यावा व मुलाला सोबत घेऊन पोलीस ठाणे गाठावे.