माळवद पाडायचं की बांधून घ्यायचं?

लातूर-धाराशिवकडचं जुनं घर चौरस फुटांत मोजत नाहीत, खणांत मोजतात. दोन लाकडी खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर किलचं, त्यावर पाला नाहीतर तुराट्या आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद. त्यावर वाळवण घालायचं, उन्हाळ्याच्या रात्री पथारी टाकायची. खाली काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती. कुठे दोन फूट, कुठे चार फूट जाड. मे महिन्यात बाहेर उभं राहवत नाही, तेव्हाही आत गारवा. पाटलाची गढी असो की शेतमजुराचे दोन खण, रीत तीच. फरक फक्त आकाराचा.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी याच भागातल्या किल्लारी परिसराची जमीन हलली. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. भूकंप ६.२ ते ६.४ रिश्टरच्या आसपासचा, म्हणजे जगाच्या मानानं मध्यम. पण त्याचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा ७,९२८ आहे. हा मुलूख तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यामुळे भूकंपाचा विचार करून घर बांधण्याची गरज इथे कोणाला वाटली नव्हती.

एवढ्या जाड भिंती कोसळल्या कशा? बाहेरून एकसंध दिसणारी ती भिंत आतून दोन असते. बाहेरच्या बाजूला घडीव दगडांचा एक पडदा, आतल्या बाजूला दुसरा आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती. दोन्ही पडद्यांना आरपार धरणारा लांब दगड बहुतेक घरांत नव्हताच. हादऱ्यानं भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा एक पडदा दुसऱ्यापासून सुटला आणि ढासळला. त्यात वरचं ओझं. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकतात. जुनी सहसा कोणी काढत नाही. पिढ्यांमागून पिढ्या थर चढत गेले. काही घरांत भिंती पडूनही खांबांनी छत तोलून धरलं. जिथे खांब आणि तुळईचा सांधा ढिला होता, तिथे तेही गेलं.

पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. त्याहून मोठा आणि कमी बोलला गेलेला प्रश्न होता तडे गेलेल्या, पण उभ्या राहिलेल्या घरांचा. जागतिक बँकेच्या कर्जावर १९९४ साली सुरू झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात अनेक जिल्ह्यांतली अशी जवळपास दोन लाख घरं दुरुस्ती आणि बळकटीकरणासाठी धरली होती. पैसा सरकारचा, देखरेख अभियंत्याची, काम मात्र घरमालकानं करून घ्यायचं.

वाद इथेच सुरू झाला. अभियंते म्हणत होते, दगड निर्दोष आहे, बांधणी सुधारा. ढिगाऱ्याखालून माणसं उपसलेल्या लोकांना पुन्हा दगडाच्या भिंतीशेजारी अंथरूण घालवत नव्हतं. मिळालेल्या पैशात पुष्कळांनी जुनं घर तसंच ठेवून किंवा पाडून विटा-सिमेंटची एक खोली उभी केली, वर पत्रा टाकला. बळकटीकरणाच्या यादीतलं घर प्रत्यक्षात नवी खोली होऊन बसलं. लोकांचं अगदीच चुकत होतं असं नाही. पत्रा पडला तरी माणूस दबून मरत नाही, एवढं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण धान्य, कडबा, जनावरं आणि तीन पिढ्यांचं कुटुंब त्या एका खोलीत मावत नव्हतं. उन्हाळ्यात तर ती तापायची.

बळकटीकरण म्हणजे नेमकं काय, तेही बघू. गवंडी भिंतीतला एक दगड हलक्या हातानं काढतो, मागची माती खरवडतो आणि पलीकडच्या दगडापर्यंत पोहोचून आरपार भोक पाडतो. ते मध्ये अरुंद, दोन्ही तोंडांशी रुंद ठेवायचं. तळाशी थोडं काँक्रीट, त्यावर दोन्ही टोकांना आकडे वळवलेली सळई, मग पुन्हा काँक्रीट. आठ-दहा दिवस पाणी मारलं की भिंतीचे दोन पडदे एकमेकांना धरतात. असे सांधे साधारण मीटर-मीटरवर घ्यायचे. कोपऱ्यांना जाळी आणि सिमेंट, भिंतीभोवती पट्टा, खांब-तुळईच्या कोनात तिरप्या लाकडाचा आधार आणि माळवदावरची जास्तीची माती खाली. ठोकाठोक केली तर भिंतच ढासळायची; म्हणून हात जपून चालवणारा गवंडी लागतो.

काम झाल्यावर मात्र भिंत पहिल्यासारखीच दिसते, आणि लोकांच्या अविश्वासाचं मूळ त्यात होतं. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर तिथल्या धरणालाही दुरुस्ती लागली होती. भेगा भरल्या, पोलादी दोर ताणले आणि पुढे धरणाच्या पाठीला काँक्रीटचे धीरे दिले. ते धीरे कोणालाही दाखवता येतात. भिंतीच्या पोटातली सळई दिसत नाही, आणि तिच्या भरवशावर लेकरांना झोपवायचं असतं.

विश्वासातली ही फट थोडीफार बुजवली ती गावातल्या बायकांनी. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला सरकारनं लोकसहभागाचं काम दिलं आणि गावोगावी महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या. हप्ता कधी मिळणार, वाळू कुठून आणायची, पट्टा कुठे घ्यायचा, हे त्या घरोघरी जाऊन सांगू लागल्या. २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर याच भागातल्या बायका तिकडे जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. तोवर हे ज्ञान गावाचं झालं होतं.

माझ्या मते किल्लारीत तंत्र हरलं नाही, त्याची ओळख करून देणं उशिरा सुरू झालं. पहिल्याच महिन्यात प्रत्येक गावाच्या पारापाशी एक भिंत उघडून, सांधून दाखवली असती, तर कदाचित बरीच माळवदं आज नांदती असती.

हा प्रश्न मराठवाड्यापुरता नाही. २००२ च्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारी तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात गेली. त्या नकाशात मुंबई, पनवेल आणि पनवेलजवळचं तळोजेही त्याच पट्ट्यात होती. तळोज्यात नवे मनोरे उठत असताना जुन्या गावठाणातली घरं, देवळं, मशिदी यांचा निकाल बहुधा ‘जुनं झालं, पाडा’ असा एका वाक्यात लागतो. त्याआधी गवंडी आणि अभियंता यांना सोबत आणून चार गोष्टी तपासून घ्याव्यात : भिंतीत आरपार दगड आहे का, कोपरे एकमेकांत गुंतलेत का, छताचं ओझं किती आणि लाकडाचा सांधा घट्ट आहे का. उत्तरं मिळाली, की पाडायचं की बांधून घ्यायचं यावर खुशाल भांडावं.