सप्ताहात स्पीकर का जळतात? अॅम्प्लिफायरची जोडी लावताना हे बघा

काल्याच्या कीर्तनाला महाराज उभे राहतात, मांडव गच्च भरतो अन् नेमका तेव्हाच उजवीकडचा स्पीकर गप्प होतो. बऱ्याच गावांनी हे बघितलंय. मग खापर फुटतं दुकानदारावर, नाहीतर डुप्लिकेट मालावर. पण महागातला स्पीकरसुद्धा चुकीच्या अॅम्प्लिफायरला जोडला की टिकत नाही, आणि वर्गणीचा पैसा एका रात्रीत भंगारात जातो.

पहिली गोष्ट ओहमची. स्पीकरच्या मागे ४ किंवा ८ ओहम लिहिलेलं असतं. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो, चार जोडले की २. ओहम कमी झाला की मशीनमधून करंट जास्त ओढला जातो. अॅम्प्लिफायरवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलेलं असताना पोरं हौसेनं चार बॉक्स लावतात. हे म्हणजे एका डीपीवर जादा मोटारी चालू करण्यासारखं आहे. स्टिकर निघून गेलं असेल तर मल्टीमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, तो खराब समजू नका.

दुसरी गोष्ट वॅटची. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या ‘पीएमपीओ’ वॅटला भुलू नये, आरएमएसचा आकडाच धरावा. ३०० वॅट आरएमएसच्या स्पीकरला तेवढ्याच ओहमवर ४५० ते ६०० वॅट देणारा अॅम्प्लिफायर चालतो, फक्त बटणावर हात जाणत्याचा पाहिजे. उलट अनेकांना वाटतं की लहान मशीन लावलं तर स्पीकर सुरक्षित. तसं नसतं. लहान मशीन पूर्ण फिरवलं की आवाज फाटतो, त्याला क्लिपिंग म्हणतात. अशा फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीची ताकद वाढते आणि आधी ट्विटरची कॉइल जळते. मशीनवरचा लाल दिवा सारखा लागत असेल तर आवाज तिथंच कमी करावा, यजमान कितीही ओरडला तरी.

नुसते वॅट बघून आवाज कळत नाही. स्पीकरच्या कागदावर १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल, हा आकडा असतो. ९४ ऐवजी ९७ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. म्हणजे अॅम्प्लिफायर लहान घेऊन भागतं अन् जनरेटरवरही ताण कमी.

देवळावरच्या भोंग्यांचं गणित वेगळं. ते बहुधा १०० व्होल्टच्या लाईनवर ट्रान्सफॉर्मर लावून चालतात. तिथं ओहम मोजत बसायचं नाही, वॅटची बेरीज करायची: ६० वॅटच्या मशीनला १५ वॅटचे चार भोंगे, त्यापुढं नाही. साधा ८ ओहमचा बॉक्स मात्र या १०० व्होल्टच्या टर्मिनलला चुकूनही लावू नये. बॉक्स नाहीतर मशीन, एकाचा निकाल लागतो.

वायरकडं कुणी बघतच नाही. दीड एमएमची तांब्याची वायर ५० मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचाच रोध सव्वा ओहमच्या आसपास होतो. ४ ओहमच्या स्पीकरची जवळपास पावभर ताकद वायर गरम करण्यात जाते. लांब न्यायचंच असेल तर जाड वायर घ्या, नाहीतर अॅम्प्लिफायर स्पीकरजवळ ठेवा.

नवा संच घेताना पखवाज अन् माईक दुकानातच नेऊन, दोन्ही जोडून अर्धा तास वाजवून बघावं. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान आहेच.