दत्तक जाणारी पिल्लं, मागे राहणारे कुत्रे
शहरातले मुके शेजारी : लेखांक ७

गेल्या लेखांकात नसबंदी केंद्राचं काम पाहिलं. कुत्रा पकडून आणायचा, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि टाके सुकले की ज्या गल्लीतून उचलला त्याच गल्लीत सोडून यायचं. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा गाभा हाच आहे. रस्त्यावरच्या बहुतेक निरोगी कुत्र्यांसाठी हे योग्यही आहे, कारण त्यांचा स्वतःचा इलाका असतो, पोळी टाकणारी ओळखीची माणसं असतात.

पण काही जनावरांना परत सोडायला जागाच नसते. आई गाडीखाली गेलेली, डोळेही न उघडलेली पिल्लं. रुळावर पाय गमावलेला कुत्रा. दोन्ही डोळे गेलेली मांजर. आणि ज्यांची संख्या पाहून मन विषण्ण होतं ती पाळीव जनावरं : बदली झाली, घरात बाळ आलं, आजारपण परवडेना म्हणून कुणाच्या तरी दारात बांधून ठेवलेला लॅब्रॅडॉर, महामार्गावर उतरवलेला हस्की, बाजाराच्या मागे खोक्यात ठेवलेली पर्शियन मांजर. जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता ओलांडता येत नाही, कचऱ्यातून अन्न शोधता येत नाही आणि तिथली टोळी त्याला उभं राहू देत नाही. अशांसाठी शेल्टर हवं, आणि शेल्टरमधून पुढे घर हवं.

आपल्याकडे प्राण्यांना आसरा देण्याची परंपरा जुनी आहे. १८३२ मध्ये मुंबईत ब्रिटिश सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज फोर्टात रस्त्यावर उतरला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभा राहिला. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ चं. पांजरापोळाचा विचार असा, की आलेला जीव मरेपर्यंत सांभाळायचा. तिकडे लंडनमध्ये १८६० साली मेरी टीलबी यांनी हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी घर काढलं. तेच पुढे बॅटरसीला गेलं. तिथला विचार वेगळा होता. कुत्र्याचा मालक शोधायचा, नाही सापडला तर नवं घर बघायचं. पण घर न मिळालेल्या असंख्य कुत्र्यांना तिथे मारलंही गेलं.

आजचं आपलं शेल्टर या दोन परंपरांच्या मधोमध उभं आहे. निरोगी कुत्र्याला मारायची आपला कायदा परवानगी देत नाही, आणि ती देऊही नये. पण आलेल्या प्रत्येकाला जन्मभर ठेवायचं ठरवलं, तर दार लवकरच बंद करावं लागतं. इथलं गणित समजून घेण्यासारखं आहे. समजा एका शेल्टरमध्ये ४० कुत्र्यांची जागा आहे. प्रत्येक कुत्रा सरासरी दोन महिने राहिला, तर वर्षाला २४० कुत्र्यांना आधार मिळतो. मुक्काम चार महिन्यांवर गेला की १२०. आणि चाळीसही जण कायमचे राहिले, तर त्या चाळिसांपलीकडे एकालाही नाही. जागा, पैसा, माणसं सगळं तेवढंच असताना मुक्काम कमी झाला की जास्त जीव वाचतात. म्हणून शेल्टर पाहायला गेलात तर ‘इथे किती प्राणी आहेत?’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यात किती घरी गेले?’ हे जरूर विचारा.

२०२५ मध्ये हा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला आणि रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडायला सांगितलं. प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घेता येतील, पण ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी त्यांची, हेही त्यात आलं. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने मात्र शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री परत तिथे न सोडता शेल्टरमध्ये हलवायची ठरली. लहान मुलांच्या सुरक्षेची काळजी खरीच आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. परंतु देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे १.५३ कोटी भटकी कुत्री होती. आत येणाऱ्यांचा ओघ वाढवायचा आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर एक माणूसही नेमायचा नाही, याचा शेवट कोंडवाड्यात होतो.

आता आतलं काम पाहू. आलेलं पिल्लू लगेच इतरांत सोडत नाहीत. आधी वेगळ्या खोलीत ठेवतात, कारण पार्व्हो. उलट्या, रक्ताची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. त्याचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर, चपलांच्या तळव्यांवर महिनोन् महिने जिवंत राहतो आणि साध्या साबणाने मरत नाही. ब्लीच वापरावं लागतं. मांजरांमध्ये याचाच भाऊबंद पॅनल्युकोपेनिया. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या आठवड्यात ओसरते, म्हणून दीड-दोन महिन्यांपासून चौथ्या महिन्यापर्यंत तीच लस पुन्हापुन्हा द्यावी लागते. ‘एकदा टोचलंय ना?’ म्हणणाऱ्या पालकांना हे शांतपणे समजावणं हा शेल्टरच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

मांजराच्या अनाथ पिल्लांचं तर सगळंच नाजूक. अंग गार असताना दूध पाजलं तर ते पचत नाही, म्हणून आधी ऊब, मग दूध. गाईचं दूध चालत नाही. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. आई जिभेने चाटून करते ते ओल्या कापसाने करायचं, नाहीतर पिल्लाला लघवीही होत नाही. एवढं करायला शेल्टरमध्ये रात्रपाळीला माणसं नसतात. हे काम फॉस्टर करतात : कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी घरून काम करणारं जोडपं. दीड महिना आपल्या घरात वाढवायचं आणि मग दुसऱ्याच्या हाती द्यायचं. या लोकांबद्दल मला फार आदर आहे. त्यांच्याशिवाय एकही शेल्टर चालणार नाही.

घाईघाईने, जरा मोठी होऊ न देताच पिल्लं देऊन टाकायचा मोह सगळीकडे असतो, आणि त्याचं कारणही समजतं. अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा पाठपुरावा केला. त्यातली जेमतेम १९ टक्के सात महिन्यांची झाली, आणि जी मेली त्यातली ६३ टक्के माणसामुळे. असे आकडे माहीत असले की कुणीही ‘मला द्या’ म्हटलं की देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. तरी आठ आठवड्यांपर्यंत पिल्लाला आई आणि भावंडांची गरज असते. किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं.

मग येतो अर्ज, आणि घरभेट. घर भाड्याचं आहे का, घरमालकाला माहीत आहे का, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, गावी जाताना कोण बघणार, खिडक्यांना जाळी आहे का. जाळीवर मांजरवाले अडून बसतात ते बरोबर आहे. पाखरामागे झेपावलेली मांजर सातव्या मजल्यावरून पडते, आणि ‘मांजर चार पायांवरच उतरते’ हा समज तिचा जबडा आणि छाती वाचवत नाही. सोसायटीने ‘इथे कुत्रा चालणार नाही’ म्हटलं, तर बिचकू नका. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. काही ठिकाणी अर्ज इतके कडक झालेत, की भाड्याने राहणाऱ्याला नकार, एकट्या माणसाला नकार, दोघंही नोकरी करतात म्हणून नकार. नाकारलेला माणूस गप्प घरी बसत नाही. तो पिल्लं विकणाऱ्याकडे जातो आणि तिथे त्याला कुणी काही विचारत नाही. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला उड्या मारणारं पिल्लू देऊ नये हे खरं, पण संध्याकाळी दोन फेऱ्या आणि पायाशी जागा एवढ्यावर खूश राहणारी सहा वर्षांची कुत्री त्याच्याच घरी सुखाने राहील. माणसाला पास-नापास करण्यापेक्षा त्याच्या दिवसाला जुळणारा प्राणी शोधणं, स्थळं जुळवणाऱ्याच्या चिकाटीने, हेच खरं कौशल्य.

कारण मागे कोण राहतं, ते सगळ्या शेल्टरमध्ये सारखंच असतं. पिल्लं जातात, मोठे राहतात. पिल्लांतही नर आधी जातात; माद्या ‘पुढे पिल्लांचा व्याप नको’ म्हणून राहतात, नसबंदीने तो प्रश्न सुटत असूनही. गोरी, घारी जातात, काळी राहतात. विदेशी जात आजारी असली तरी तिला विचारणा येते, आणि आपल्या हवेला सरावलेला, काटक देशी कुत्रा जाळीमागे बसून राहतो. हस्कीला नागपूरच्या मे महिन्यात सुखात ठेवणं किती अवघड आहे, हे ठाऊक असूनही तो स्टेटससाठी आणला जातो. देशी कुत्र्याची किंमत आपल्याला कळत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

मोठ्या कुत्र्याची अडचण अशी, की जाळीमागे त्याचा खरा स्वभाव दिसत नाही. सतत भुंकणारा किंवा कोपऱ्यात तोंड घालून बसलेला कुत्रा पाहून लोक पुढे सरकतात. अमेरिकेतल्या शेल्टरमध्ये अभ्यासकांनी यावर साधा उपाय तपासला आहे. कुत्र्याला एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी नेलं, की त्याच्या शरीरातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताण दाखवणारं संप्रेरक, खाली येतं. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थोडा वेळ फिरायला नेलेल्या कुत्र्यांना घर मिळण्याची शक्यता पाचपट, तर काही दिवस घरी राहिलेल्यांची चौदापट वाढलेली आढळली. कुत्रा सोफ्याखाली झोपलेला, मुलाच्या हातून बिस्किट घेतानाचा फोटो निघतो, त्याला ट्रेनमध्ये, लिफ्टमध्ये लोक पाहतात, विचारतात. आपल्याकडच्या शेल्टरना हे करायला पैसे लागत नाहीत, शनिवार-रविवार देणारी माणसं लागतात.

घरी गेल्यावरचे पहिले तीन दिवस कठीण. कुत्रा खात नाही, पलंगाखालून बाहेर येत नाही, घरात लघवी करतो. तीन आठवड्यांत त्याला घराच्या वेळा कळतात, आणि तीन महिन्यांनी तो आपल्या घरात असल्यासारखा वागू लागतो. बरीच जनावरं या पहिल्या तीन दिवसांतच परत येतात. तेव्हा एक फोन झाला असता तर निभावलं असतं. याच दिवसांत नवा कुत्रा पळूनही जातो. गळपट्टा मान मागे ओढून सुटतो, म्हणून छातीचा पट्टा लावा, दार उघडताना साखळी हातात ठेवा. दिवाळीच्या तोंडावर नवा कुत्रा घरी आणू नका. फटाक्यांचे चार दिवस जाऊ द्या. मांजर असेल तर पहिला आठवडा तिला एकच खोली द्या, सगळं घर एकदम दाखवू नका. आणि परत आणायची वेळ आलीच, तर लाजेपायी परस्पर दुसऱ्याला देऊन टाकू नका, शेल्टरलाच कळवा. परत आलेल्या कुत्र्याबद्दल आता जास्त माहिती असते : तो मांजरांशी जमवून घेतो का, एकटा राहतो का. पुढचं घर त्यामुळे जास्त नेमकं निवडता येतं.

फॉस्टर व्हायचं असेल तर घरात काय तयारी लागते, खर्च कोण करतं, आणि पहिलं पिल्लू कोणत्या वयाचं घ्यावं, हे पुढच्या लेखांकात. तोवर जवळच्या शेल्टरमध्ये एक फेरी मारा. शक्यतो दुपारी जा. सकाळी साफसफाई आणि औषधांची धांदल असते, बोलायला कुणाला फुरसत नसते. आणि पिल्लांच्या खोलीकडे जाण्याआधी मागच्या बाजूचे मोठे कुत्रे दाखवायला सांगा.