टोली, मूठ आणि प्रसाद

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या गरीब विद्यार्थी साहाय्य निधीची वर्गणी गोळा करीत असताना तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, तुम्हा ख्रिस्ती लोकांत दान केलं की पुण्य मिळतं का?" माझ्या हातात पावतीपुस्तक होते, घंटा होऊन गेली होती. "नाही," एवढेच म्हणून मी पुढच्या वर्गात शिरलो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. पुण्य मिळत नसेल तर माणसाने द्यायचे तरी कशासाठी, हा त्याचा पुढचा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर मला दिसला होता. तो राहिलेला भाग आज लिहीत आहे.

ख्रिस्ती श्रद्धेचा पाया असा की, देवाची कृपा माणसाला विकत घेता येत नाही. ती आधीच, फुकट आणि पात्रता न पाहता मिळालेली असते. त्यामुळे दान हे काही मिळवण्यासाठी भरलेले मोल होऊच शकत नाही. ते मिळाल्यानंतरचे कृत्य आहे. हा मुद्दा तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगितला तर कोरडा वाटतो. म्हणून ज्या प्रसंगातून तो पुढे आला, तो प्रसंगच सांगतो.

पहिल्या शतकात, साधारण इ. स. ४६ ते ४८ च्या सुमारास, क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत यहूदियात धान्याची मोठी टंचाई पडली. यरुशलेम येथील ख्रिस्ती मंडळी मुळातच गरीब होती. अंत्युखियाच्या मंडळीने तिला मदत पाठविली, अशी नोंद 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. पुढे काही वर्षांनी पौलाने याहून मोठी वर्गणी उभारली. गलतिया, मासेदोनिया, अखया अशा दूरदूरच्या प्रांतांतल्या मंडळ्यांकडून पैसा जमवून तो यरुशलेमेस पोहोचवायचा, अशी ही योजना होती.

यातली अडचण केवळ अंतराची नव्हती. घेणारे यहूदी वंशाचे होते आणि देणारे बहुतेक ग्रीक भाषा बोलणारे परराष्ट्रीय. सुंता, खाण्यापिण्याचे नियम, सण यांवरून या दोहोंत तीव्र मतभेद होते. एका पंगतीला बसावे की नाही, यावरून अंत्युखियात खुद्द पेत्र आणि पौल यांच्यात खटका उडाला होता. ज्यांच्याबरोबर जेवायला आपण कचरतो, त्यांनी पाठविलेले धान्य आपल्या चुलीवर शिजवायचे का, असा यरुशलेमच्या बाजूचा पेच होता. जे आपल्याला कमी लेखतात त्यांच्यासाठी आपण खिशात हात का घालावा, असा समोरच्या बाजूचा.

करिंथ हे दोन बंदरांचे, व्यापारउदिमाचे शहर. तिथल्या मंडळीने उत्साहाने होकार दिला आणि मग वर्ष उलटले तरी काम अर्धवटच राहिले. वर्गणी गोळा करण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे नवीन वाटणार नाही. इ. स. ५५-५६ च्या सुमारास पौलाने करिंथकरांस जे दुसरे पत्र लिहिले, त्याचे आठवे व नववे हे दोन अध्याय या एकाच कामासाठी आहेत. त्यात तो त्यांना मासेदोनियातल्या मंडळ्यांचे उदाहरण देतो. फिलिप्पै, थेस्सलनीका इथले ते लोक स्वतः छळात आणि दारिद्र्यात होते. तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिले, आणि आम्हांलाही या कामात वाटा घेऊ द्या म्हणून उलट पौलाचीच विनवणी केली.

या दोन अध्यायांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. सगळे प्रकरण पैशाचे, पण 'पैसा' हा शब्द मात्र त्यात कुठेच येत नाही. पौल या वर्गणीला सेवा म्हणतो, सहभागिता म्हणतो, आशीर्वाद म्हणतो. सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द म्हणजे 'खारिस'. देवाने मासेदोनियाच्या लोकांवर केलेली कृपा म्हणजे खारिस, त्या लोकांनी गोळा केलेली वर्गणी म्हणजेही खारिस, आणि शेवटी देवाचे आभार मानायचे तेही खारिस या शब्दानेच. कृपा, दान आणि कृतज्ञता या तिन्हींना एकच शब्द. भाषांतर करताना आपल्याला तीन शब्द वापरावे लागतात आणि त्यांच्यामधला धागा तुटतो.

मराठीत या शब्दाच्या जवळ जाणारा एक शब्द मला सुचतो: प्रसाद. प्रसाद म्हणजे प्रसन्नता, कृपा, आणि प्रसाद म्हणजे हातावर पडलेला साखरफुटाणाही. मुख्य म्हणजे प्रसाद घरी आणून कुणी कुलुपात ठेवीत नाही. तो वाटायचा असतो, शेजाऱ्यालाही द्यायचा असतो, आणि देताना 'मी दिला' असा तोराही कुणी मिरवीत नाही. कारण तो मुळात आपला नसतोच. ख्रिस्ती औदार्य म्हणजे काय, हे मला या एका शब्दावरून जितके समजले तितके मोठमोठ्या विवेचनांवरून समजले नाही.

पौल नुसती भावना सांगून थांबत नाही. तो व्यवहारही सांगतो, आणि त्यातली तीन सूत्रे आजच्या कोणत्याही निधीला लागू पडावीत. पहिले म्हणजे सक्ती नको. मी आज्ञा करीत नाही, असे तो स्पष्ट लिहितो. कुरकुरत दिलेले नको; देणारा आनंदी हवा. दुसरे, ज्याने त्याने आपल्या मिळकतीच्या मानाने द्यावे. पहिल्या पत्रात तो सुचवितो की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे थोडे बाजूला ठेवावे, म्हणजे ऐनवेळी धावपळ होणार नाही. तुमची ओढाताण व्हावी आणि दुसऱ्याने चैन करावी असा हेतू नाही, समानता यावी हा हेतू आहे, असेही तो बजावतो. आज तुमच्याकडे अधिक आहे, उद्या त्यांच्याकडे असेल. तिसरे सूत्र हिशेबाचे. एवढी रक्कम पौल एकट्याच्या पिशवीत ठेवीत नाही. तीत आणि आणखी दोघे विश्वासू बंधू यांना तो या कामावर नेमतो, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा उरू नये. देवापुढे प्रामाणिक असणे पुरेसे नाही, माणसांपुढेही तसे दिसले पाहिजे, हा विचार एका धर्मोपदेशकाने एकोणीसशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे.

ही रक्कम घेऊन यरुशलेमेस जाताना पौलाला आपल्या जिवाची भीती होती, आणि त्याहून एक वेगळी धास्ती होती. तिथले लोक ही देणगी स्वीकारतील ना? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने ही धास्ती बोलून दाखविली आहे. दान देणे अवघड, पण परक्याचे दान मानाने घेणे त्याहून अवघड, हे तो जाणून होता. यरुशलेमेत त्याला अटक झाली, आणि पुढे कैदी म्हणूनच तो रोमला गेला.

आता रकमेच्या मापाविषयी. मार्काच्या शुभवर्तमानात एका विधवेची गोष्ट आहे. मंदिराच्या भांडारात श्रीमंत लोक पुष्कळ टाकीत होते. तिने येऊन दोन टोल्या टाकल्या. 'टोली' हा आमच्या मराठी बायबलातला शब्द. मूळ ग्रीक नाणे 'लेप्टॉन', म्हणजे चलनातले सर्वांत लहान तांब्याचे नाणे. मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार धरली, तर दोन टोल्या म्हणजे तिचा चौसष्टावा भाग. येशूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितले की, हिने सर्वांहून अधिक टाकले, कारण इतरांनी उरलेल्यातून दिले आणि हिने आपली सारी उपजीविका दिली. म्हणजे किती दिले यापेक्षा दिल्यानंतर मागे किती उरले, हे माप त्याने लावले.

पण या गोष्टीच्या लगेच आधीच्या ओळींत येशू कशावर बोलत आहे, हे प्रवचनांत पुष्कळदा राहून जाते. लांब झगे घालून मिरवणारे आणि विधवांची घरे गिळणारे शास्त्री, यांच्यावर तो कडक शब्दांत टीका करतो. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की, ही गोष्ट विधवेची स्तुती आहे तितकीच त्या व्यवस्थेवरचा आरोपही आहे. मला हे पटते. विधवेच्या टोल्यांचा दाखला देऊन गरिबांकडून पैसा उकळणारे उपदेशक आजही आहेत. अमुक द्या म्हणजे देव दसपट देईल, अशी आमिषे दाखविली जातात. ज्या दानात परताव्याची हमी असते, त्याला दान न म्हणता ठेव म्हणावे. तिथे कृपाही उरत नाही आणि प्रसादही.

पौलानंतरच्या काळात ही रीत टिकली. इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन याने ख्रिस्ती उपासनेचे वर्णन लिहिले. रविवारी ज्याला ऐपत व इच्छा असेल तो देतो, रक्कम प्रमुखाजवळ जमा होते, आणि तीतून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे पाहुणे यांची तरतूद होते, असे तो सांगतो. पुढे जुलियन हा रोमन सम्राट ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता. इ. स. ३६२ च्या सुमारास त्याने एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली की, हे लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच, शिवाय आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेले यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र कोणते?

आपल्या देशातले एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. मिझोरममध्ये, म्हणजे त्या वेळच्या लुशाई डोंगरात, पहिले मिशनरी १८९४ साली पोहोचले. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १९१० साली, तिथल्या स्त्रियांनी 'बुहफाइ थाम' सुरू केले. अर्थ अगदी साधा: मूठभर तांदूळ. स्वयंपाकासाठी तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात काढून ठेवायची. मंडळीच्या स्त्रिया घरोघर जाऊन ते गोळा करतात, विकतात, आणि आलेला पैसा मंडळीच्या कामाला लागतो. घरात पैसा नसेलही, पण भात शिजतो त्या घरात एक मूठ असतेच. आज या मुठींची बेरीज वर्षाला कोट्यवधी रुपयांत जाते.

हे वाचताना मराठी वाचकाला आपला 'मुष्टिफंड' आठवल्याशिवाय राहणार नाही. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ साली स्थापन झाली, आणि तिचे नावच घरोघरच्या मूठभर तांदळावरून आलेले आहे. मिझो स्त्रियांचा आणि पणजीच्या त्या मंडळींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, श्रद्धाही वेगळ्या. पण भात खाणाऱ्या दोन समाजांना दोनच वर्षांच्या अंतराने एकच माप सुचले, याचा मला आनंद वाटतो. मूठ सगळ्यांची जवळपास सारखीच असते.

आमच्या मंडळीत पिकाचा सण होतो. शेतकरी जोंधळ्याची कणसे आणतात, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. लहानपणी पाहिलेला एका अंड्याचा लिलाव मला आठवतो. एका म्हातारीने ते पदरात बांधून आणले होते. ज्याने बोली जिंकली त्याने पैसे भरले आणि अंडे परत टेबलावर ठेवले. पुन्हा बोली, पुन्हा परत. चारपाच वेळा असे झाले. मराठीत बोली लागत होती, कानडीत लागत होती, सारे आवार हसत होते, आणि म्हातारी सर्वांत मोठ्याने हसत होती. पौलाने 'आनंदी' या अर्थी जो ग्रीक शब्द वापरला आहे तो 'हिलारोस', म्हणजे हसतमुख. तो शब्द पुढे वाचला तेव्हा मला कोश उघडावा लागला नाही.

आता थोडे आमच्या निधीविषयी, कारण या लेखाची खरी गरज मलाच होती. कित्येक वर्षे मी सूचनाफलकावर दोन याद्या लावीत असे. एक देणगीदारांची, मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत. दुसरी, साहाय्य मिळालेल्या विद्यार्थ्यांची. हिशेब उघड असावा, एवढाच माझा हेतू होता. मग एक दिवस एका विद्यार्थिनीने आपला अर्ज मागे घेतला. कारण विचारले तर ती म्हणाली, "सर, फी भरायला कुठून तरी उसने आणीन. फलकावर नाव नको." पौलाची धास्ती मी अनेकदा शिकवली होती, ती मला त्या दिवशी समजली. आणि पहिल्या यादीच्या तळाशी दरवर्षी ज्याचे नाव असे, तो आमच्या प्रयोगशाळेतला शिपाई पगारातून न चुकता देत आला होता. मार्काचे माप लावले असते तर ती यादी उलटी झाली असती.

यंदापासून फलकावर फक्त जमा आणि खर्च यांचे आकडे लागतात. देणाऱ्यांची नावे वर्णानुक्रमे, रकमेशिवाय. घेणाऱ्यांची नावे लागत नाहीत. ती तिघांच्या समितीपुरती राहतात आणि तपासनीस हिशेब पाहतो. अर्जावर जात, धर्म किंवा मातृभाषा यांचा रकाना नाही. त्या विद्यार्थिनीने पुन्हा अर्ज केला.

तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी आता पदवी घेऊन गेला. त्याला हा अंक पोस्टाने पाठवणार आहे. पुण्य नाही, बाळ. हातावर प्रसाद पडला आहे, आणि शेजारचा हात रिकामा आहे, एवढेच.