सुपर मेट्रॉइडमधली महाकाय अळी: हरवता न येणारा बॉस कसा काम करतो?

तुमच्या फोनने काढलेला एक साधा फोटो साधारण ३ ते ४ एमबीचा असतो. १९९४ साली आलेला 'सुपर मेट्रॉइड' हा अख्खा गेम फक्त ३ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसला होता. म्हणजे एक पूर्ण ग्रह, त्यावरचे शेकडो प्राणी, संगीत, सगळे बॉस आणि गेमिंगच्या इतिहासातला एक असा प्रसंग, ज्यावर लोक आजही बोलतात. हा प्रसंग आहे एका भल्यामोठ्या अळीचा.

आज आपण याच अळीबद्दल बोलणार आहोत. ती आहे कोण, तिच्या खोलीत काय घडतं, पडद्यामागे प्रोग्रामिंग कसं चालतं आणि खऱ्या जगातल्या अळ्यांशी तिचं काही नातं आहे का, हे एकेक करून पाहू. पुढे स्पॉयलर आहेत. गेम स्वतः खेळायचा असेल तर लेख बुकमार्क करा आणि नंतर या.

आधी थोडी पार्श्वभूमी

मेट्रॉइड ही निन्टेन्डोची सायन्स फिक्शन मालिका. पहिला गेम १९८६ मध्ये जपानमध्ये आला. नायिका सॅमस अरन, पैशांसाठी गुन्हेगार शोधणारी अंतराळातली शिकारी. आणि 'मेट्रॉइड' म्हणजे तरंगणारा, जेलीफिशसारखा दिसणारा जीव. तो तुमच्या डोक्याला चिकटतो आणि शरीरातली ऊर्जा शोषून घेतो.

१९९१ साली गेमबॉयवर दुसरा भाग आला, 'मेट्रॉइड २: रिटर्न ऑफ सॅमस'. यात सॅमसला मेट्रॉइडच्या मूळ ग्रहावर, एसआर३८८ वर, पाठवलं जातं. काम एकच: सगळ्यांना संपवायचं. स्क्रीनच्या खाली आकडा दिसतो, सुरुवातीला ३९. एक मेला की आकडा एकाने कमी. शेवटी राणीही मरते आणि तेवढ्यात समोरचं एक अंडं फुटतं. आतून निघालेलं पिल्लू सॅमसवर हल्ला करत नाही. ते तिलाच आई समजून मागे मागे येतं, परतीच्या वाटेतले अडथळे स्वतः खाऊन रस्ता मोकळा करतं. सॅमस त्याला मारत नाही.

ही कल्पना हवेतून आलेली नाही बरं का. अंड्यातून बाहेर आल्यावर समोर जो हलता जीव दिसेल त्यालाच आई मानायचं, याला 'इम्प्रिंटिंग' म्हणतात. कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने हंसाच्या पिल्लांवर याचा अभ्यास केला होता. ती पिल्लं त्याच्याच मागे रांगेत चालायची. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्याला १९७३ चं नोबेल विभागून मिळालं.

मेट्रॉइड हा किडा आहे का?

काटेकोर बोलायचं तर नाही. त्याला सहा पाय नाहीत की पंख नाहीत. पण त्याचं जीवनचक्र मात्र सरळ कीटकांकडून उचललेलं आहे. दुसऱ्या भागात आपल्याला कळतं की पहिल्या गेममधला तो तरंगणारा जीव म्हणजे फक्त अळी, 'लार्व्हा'. पुढे कात टाकत टाकत तो अल्फा, गॅमा, झीटा आणि ओमेगा होतो. आणि सगळ्यांच्या वर राणी, मुंग्यांच्या वारुळात किंवा मधमाश्यांच्या पोळ्यात असते तशी. एखाद्या गुहेत टाकलेली कात पडलेली दिसली की खेळाडूने समजायचं, साहेब जवळच आहेत.

शिकार करण्याची पद्धतही कीटकांचीच. ओसरीच्या कडेला किंवा झाडाखाली भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे तुम्ही पाहिले असतील. लहानपणी काडी घालून आपण सगळ्यांनी ते उकरलेत. त्याच्या तळाशी एक अळी दबा धरून बसलेली असते. मुंगी घसरून खाली आली की ती तिला जबड्यात पकडते, आत पाचक रस सोडते, सगळं शोषून घेते आणि रिकामं टरफल बाहेर फेकून देते. मोठी झाली की हीच अळी चतुरासारखी दिसणारी, पंखवाली होते. मेट्रॉइड शिकारीचं जे करतो ते वेगळं नाही.

आता त्या खोलीत जाऊया

'सुपर मेट्रॉइड' सुरू होतो तेव्हा ते पिल्लू सिरीस नावाच्या अंतराळ स्थानकावर काचेच्या डब्यात आहे. रिडली नावाचा उडता राक्षस येऊन ते पळवतो. पूर्ण गेम सॅमस त्याच्याच शोधात झेबेस ग्रहावर खोल खोल उतरत जाते. पुढे रिडलीला हरवल्यावर लगतच्या खोलीत फुटलेला रिकामा डबा सापडतो. कुणी काही बोलत नाही. फक्त काचा.

मग येतो शेवटचा भाग, टूरियन. इथे पहिल्या काही खोल्यांत नेहमीचे मेट्रॉइड आहेत. गेम तुम्हाला एक नियम पक्का शिकवतो: बर्फाच्या बीमने गोठवा, मग मिसाइल मारा. दोन-तीन खोल्यांत हात बसतो.

त्यानंतरच्या खोल्यांमध्ये हल्ला करणारं कुणीच नाही. प्राणी आहेत, पण राखाडी पडलेले, जागच्या जागी उभे. हात लावला की वाळूसारखे ढासळतात. म्हणजे कुणीतरी यांना आतून पूर्ण रिकामं केलंय. हा बॉस येण्याआधीचा इशारा, पण शब्दांत न दिलेला.

पुढच्या खोलीत एक धडधाकट प्राणी तुमच्यावर उड्या मारत येतो. तुम्ही बंदूक रोखता आणि वरून एक प्रचंड मेट्रॉइड झेप घेतो. आकार नेहमीच्या मेट्रॉइडच्या कितीतरी पट. काही क्षणांत तो प्राणी राखाडी पुतळा होतो. आता अळी तुमच्याकडे वळते.

तुम्ही बर्फ मारता. गोठत नाही. मिसाइल मारता. मरत नाही. ती तुम्हाला पकडते आणि एनर्जीचा आकडा धडाधड खाली यायला लागतो. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा कंट्रोलरची सगळी बटणं एकदम दाबली होती. काहीही उपयोग नाही.

आणि आकडा संपायला आला की ती थांबते. सोडते. थोडी मागे सरकते, विचित्र चित्कार करते, तुमच्याभोवती घुटमळते आणि निघून जाते. तिने ओळखलं.

पडद्यामागे काय चालतं?

गेममधला कुठलाही शत्रू 'विचार' करत नाही. त्याच्याकडे ठरावीक अवस्थांची यादी असते आणि कुठल्या अटीवर एका अवस्थेतून दुसरीत जायचं हे लिहिलेलं असतं. याला 'स्टेट मशीन' म्हणतात. लिफ्टचंच उदाहरण घ्या: थांबलेली, वर जाणारी, खाली जाणारी, दार उघडलेली. बटण दाबलं की अवस्था बदलते.

या अळीच्या अवस्था सोप्या भाषेत अशा मांडता येतील:

- लपून राहा
- समोरच्या प्राण्यावर झेप घे आणि त्याला शोषून संपव
- सॅमसच्या मागे लाग
- सॅमसला पकड आणि ऊर्जा शोष
- ऊर्जा संपत आली की सोड
- घुटमळ आणि निघून जा

आता पाचवी ओळ पुन्हा वाचा. इतर प्रत्येक शत्रूच्या बाबतीत तुमची ऊर्जा संपणं म्हणजे गेम ओव्हर. इथे तोच आकडा 'ओळख पटली' या अवस्थेची चावी आहे. नवीन काही यंत्रणा बनवलेली नाही. आधीपासून स्क्रीनवर असलेल्या आकड्याचाच अर्थ बदललाय. म्हणूनच ते इतकं अंगावर येतं, कारण गेमभर त्या आकड्याला आपण घाबरत आलेलो असतो.

दुसरी गंमत रंगांची. त्या काळच्या कन्सोलवर चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यात थेट रंग साठवलेला नसायचा, फक्त एक क्रमांक असायचा. कुठल्या क्रमांकाला कुठला रंग, याचा तक्ता वेगळा. त्याला 'पॅलेट' म्हणतात. तक्त्यातले रंग हळूहळू राखाडी केले की नवीन चित्र न काढता जिवंत प्राणी डोळ्यांदेखत निष्प्राण दिसतो. ३ एमबीत सगळं बसवायचं तर अशीच काटकसर लागते.

शेवटी काय होतं?

शेवटचा बॉस मदर ब्रेन. ऐन लढाईत ती एका भयंकर बीमने सॅमसला भिंतीला खिळवते. सॅमस गुडघ्यावर येते, तुमच्या हातात काहीच उरत नाही. तेवढ्यात अळी येते, मदर ब्रेनच्या डोक्याला चिकटते आणि तिलाच राखाडी करून टाकते. मग सॅमसला झाकून घेते आणि ऊर्जा परत देते. एनर्जीचा तोच आकडा या वेळी वर चढतो.

मदर ब्रेन पुन्हा शुद्धीवर येते आणि अळीवर मारा सुरू करते. ऊर्जा देऊन होईपर्यंत अळी हलत नाही. त्यातच तिचा जीव जातो. पण तिच्यामुळे सॅमसला हायपर बीम मिळते आणि पुढची लढाई एकतर्फी होते. या पूर्ण प्रसंगात एकही संवाद नाही.

गोष्ट इथे संपत नाही. २००२ च्या 'मेट्रॉइड फ्यूजन'मध्ये सॅमसला एक्स नावाच्या परजीवीची लागण होते आणि तिला वाचवणारी लस याच पिल्लाच्या पेशींपासून बनवलेली असते.

खरी अळी एवढी मोठी होऊ शकते का?

नाही. जगातल्या सर्वांत वजनदार अळ्यांमध्ये आफ्रिकेतल्या गोलायथ भुंग्याची अळी येते, तीही १०० ग्रॅमच्या आसपास. कारण गणिती आहे. लांबी १० पट केली तर पृष्ठभाग १०० पट वाढतो, पण आकारमान १,००० पट. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या छिद्रांमधून बारीक नळ्यांवाटे हवा आत जाते. एवढ्या मोठ्या शरीरात ती खोलवर पोहोचणारच नाही.

मात्र 'मोठी झाली तरी अळीच राहिली' हे अगदीच अशक्य नाही. कीटकांमध्ये एक संप्रेरक असतं, 'ज्युवेनाइल हार्मोन'. ते आहे तोवर कात टाकूनही अळी अळीच राहते. प्रयोगात काही कीटकांना हे जास्त दिलं तर अळी एखादी कात जास्त टाकते आणि नेहमीपेक्षा मोठी होते. सुपर मेट्रॉइडमधलं पिल्लूही आकाराने अवाढव्य झालं, पण अल्फा किंवा गॅमा झालं नाही. ते अळीच राहिलं.

खेळायचा असेल तर

निन्टेन्डोने हा गेम अँड्रॉइड किंवा आयफोनसाठी कधीच काढलेला नाही. त्यामुळे 'सुपर मेट्रॉइड फ्री डाउनलोड' असं लिहिलेली एपीके फाइल दिसली तर हात लावू नका. ती अधिकृत नाही, आणि गेमच्या नावाखाली फोनमध्ये मालवेअर घुसवणं हा जुना धंदा आहे. अधिकृत मार्ग म्हणजे निन्टेन्डो स्विचची ऑनलाइन मेंबरशिप. २०१९ पासून त्यात हा गेम आहे. मित्राकडे स्विच असेल तर एक रविवार मागून घ्या. टूरियनमधल्या त्या राखाडी खोल्यांत पोहोचलात की आवाज थोडा मोठा करा.